पहिलं पिस्तूल घेताय? आधी परवाना, मग रिव्हॉल्वर, दुकान सगळ्यात शेवटी

नांदेड/लातूर : दिवसाची रोकड घेऊन रात्री घरी निघणारा अडत्या, हायवेवरचा पेट्रोल पंपवाला, गावापासून दोन किलोमीटरवर आखाड्यावर राहणारं कुटुंब. यातल्या कुणाच्या ना कुणाच्या तोंडी कधीतरी हा प्रश्न येतोच : "एखादं पिस्तूल घ्यावं म्हणतो, स्वस्तात चांगलं कोणतं मिळंल?" ५ एप्रिल २०२२ रोजी नांदेड शहरात एका बांधकाम व्यावसायिकाची घरासमोरच गोळ्या झाडून हत्या झाली, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच कानावर येतो.

प्रश्न सोपा वाटतो, पण विचारणारे बहुतेक जण उलट्या बाजूनं सुरुवात करतात. आधी मोबाईलवर पिस्तुलांचे व्हिडिओ बघतात, मग किंमत विचारतात, मग "कुणाच्या ओळखीनं लायसन निघतंय का" ते बघतात. खरा क्रम याच्या नेमका उलटा आहे. हा क्रम चुकला की काही जणांचे लाख-दीड लाख अडकतात, आणि काही जण थेट जेलात जातात.

गरज जिवाची आहे का पिकाची?

सगळ्यात आधी हे ठरवावं लागतं. आपल्या भागात बंदुकीचा विचार करणारे निम्मे शेतकरी रानडुकरं, हरणं आणि रोह्यांनी वैतागलेले असतात. त्यांच्यासाठी सरळ उत्तर असं की पिस्तूल या कामाचं नाही. पिस्तूल आणि रिव्हॉल्वर ही पंधरा-वीस पावलांवरची हत्यारं आहेत. रात्रीच्या अंधारात हरभऱ्यात पळणाऱ्या डुकरावर त्याचा उपयोग शून्य. उलट चुकलेली गोळी शेकडो मीटर पुढं जाते, आणि शेजारच्या शेतात पाणी देणारा माणूस दिसत नसतो.

पिकाच्या राखणीसाठी कायद्यात वेगळी वाट आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ती पुरत नसेल तर परवाना देणारे अधिकारी दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा, म्हणजे बारा बोअर जातीच्या बंदुकीचा, विचार करू शकतात. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ वेगळा आहे. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय जनावर मारलं तर बंदूक परवान्याची असूनही गुन्हा दाखल होतो. त्यापेक्षा सौर कुंपण आणि वनविभागाकडं नुकसानभरपाईचा अर्ज हा रस्ता स्वस्त पडतो आणि झोपही लागते.

पुढची माहिती आहे ती ज्यांना जिवाचा खरा धोका आहे त्यांच्यासाठी.

परवाना हाती येईपर्यंत दुकानाची पायरी चढू नये

पिस्तुलाचा परवाना हा हक्कानं मिळणारा दाखला नाही. जिल्हाधिकारी तो धोका बघून देतात. अर्जदाराचं वय किमान २१ वर्षं लागतं. अर्ज केंद्र सरकारच्या शस्त्र परवाना पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. फॉर्म ए-१ म्हणतात तो हाच. कागदपत्रं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत जातात. तिथून पोलिसांकडं चौकशी येते. ठाण्याचे कर्मचारी गावात येतात, घर बघतात, आजूबाजूला विचारतात.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणं पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. प्रत्यक्षात फाईल त्याहून जास्त दिवस फिरू शकते, म्हणून अर्जाची पोच आणि तारीख जपून ठेवावी.

अर्ज कशावर अडतो, तेही समजून घ्यावं :

- "मला धोका आहे" एवढं लिहून भागत नाही. आधी दिलेल्या तक्रारी, एफआयआर, धमकीचे मेसेज, रोकड ने-आण होत असल्याचे व्यवसायाचे कागद जोडावे लागतात.
- हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ती संपल्यावरही पाच वर्षं परवाना मिळत नाही.
- बांधाच्या भांडणात किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत चॅप्टर केस होऊन शांततेचा बाँड लिहून द्यावा लागला असेल, तर त्या बाँडची मुदत संपेपर्यंत कायदा आडवा येतो. गावात ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. अर्ज नामंजूर झाल्यावर कळते.
- डॉक्टरांचा दाखला (फॉर्म एस-३) लागतो. त्यात शरीराबरोबर मानसिक आरोग्यही बघतात. दारूचं किंवा इतर व्यसन असलेल्या माणसानं इथंच थांबलेलं बरं.
- शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला (फॉर्म एस-१) मान्यताप्राप्त ठिकाणाहूनच घ्यावा लागतो.

मालमत्ता कमी आहे एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे दहा एकरवाल्यालाच लायसन मिळतं हा समज चुकीचा. अर्ज नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि ३० दिवसांत अपील करता येतं. नांदेड-लातूरकरांसाठी ते अपील छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांकडं जातं.

परवाना पाच वर्षांसाठी असतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालायची. कोणतं शस्त्र घ्यायचं ते परवान्यावर लिहिलेलं असतं. परवाना रिव्हॉल्वरचा आणि आणलं पिस्तूल, असं चालत नाही. म्हणून पुढची निवड अर्ज भरतानाच करून ठेवावी.

रिव्हॉल्वर की पिस्तूल?

बोलताना आपण दोन्हीला पिस्तूलच म्हणतो, पण दोन्हीचं काम वेगळं आहे.

रिव्हॉल्वरला फिरतं चक्र असतं, त्यात सहा काडतुसं. चक्र उघडलं की सहाच्या सहा खाने डोळ्यांनी दिसतात. भरलं आहे की रिकामं, यात शंका राहत नाही. एखादं काडतूस उडालंच नाही तर परत चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. चाप ओढायला जड असतो, त्यामुळं चुकून बोट लागून गोळी सुटण्याची भीती कमी. महिनोन् महिने कपाटात राहिलं तरी त्यात दबून राहणारी मॅगझिनची स्प्रिंग नसते.

पिस्तुलात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. ३२ बोअरच्या सरकारी पिस्तुलात आठ बसतात. पिस्तूल चपटं असल्यानं कमरेला कळत नाही, भरायलाही पटकन भरतं. पण नवख्या माणसाचा घात इथंच होतो. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं त्याला वाटतं, आणि एक गोळी नळीच्या मागच्या खान्यात तशीच राहिलेली असते. "रिकामं आहे" म्हणून दाखवताना गोळी सुटली, असे अपघात बहुतेक याच कारणानं होतात. आधी मॅगझिन काढायचं, मग वरची स्लाइड मागं ओढून खाना डोळ्यांनी बघायचा, हा क्रम अंगात मुरावा लागतो. शिवाय साफसफाई टाळली किंवा काडतूस जुनं असलं तर पिस्तूल अडकतं. अडकलेलं सोडवायला सराव लागतो, आणि आपल्याकडं सरावाची सोय गावोगाव नाही.

म्हणून वर्षातून एक-दोनदाच हाती घेणाऱ्या पहिलटकर माणसासाठी उत्तर साधं आहे : ३२ बोअरचं रिव्हॉल्वर. नियमित रेंजवर जाणं जमत असेल तरच पिस्तुलाचा विचार करावा.

एक चूक टाळावी. दोन्ही "३२ बोअर" असले तरी रिव्हॉल्वरचं आणि पिस्तुलाचं काडतूस वेगळं असतं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. काडतुसं घेताना परवान्याबरोबर शस्त्राचा प्रकारही सांगावा.

आणि ९ मिमीचा नाद सोडून द्यावा. सिनेमात दिसतं ते ९ मिमी पिस्तूल आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. ते सैन्य-पोलिसांचं हत्यार आहे, सामान्य माणसाला जिल्ह्यातून त्याचा परवाना मिळत नाही.

बाजारात काय आहे?

परदेशी पिस्तुलांची सामान्य माणसासाठीची आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळं जुन्या विलायती पिस्तुलाला आजही लाखोंचा भाव सांगतात. पहिल्यांदा घेणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. स्पेअर पार्ट मिळत नाहीत, आणि पैसे फक्त नावाचे जातात.

देशी मालात मुख्य नाव सरकारी कारखान्यांचं. पूर्वीचं आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ ला मोडून सात कंपन्या झाल्या. त्यातली कानपूरची अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया ही कंपनी आता ही शस्त्रं बनवते.

साधं ३२ बोअर रिव्हॉल्वर : हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त विकलेलं. मधून मोडून उघडतं, सहा गोळ्या. दुरुस्ती करणारे आणि माहीतगार लोक याचेच जास्त, ही याची खरी किंमत.

निर्भीक : जानेवारी २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून कानपूरहून आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन साधारण अर्धा किलो. सुरुवातीची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. हलकं आहे, पण हलक्या हत्याराचा झटका हाताला जास्त बसतो, हे घेण्याआधी हातात धरून बघावं.

प्रबळ : १८ ऑगस्ट २०२३ ला बाजारात आलं. याचं चक्र बाजूला उघडतं, त्यामुळं भरायला आणि तपासायला सोपं. वजन सुमारे सातशे ग्रॅम. पल्ला ५० मीटर सांगितला जातो, पण घाबरलेल्या हातानं अंधारात दहा मीटरवर नेम लागला तरी पुष्कळ झालं. त्या वेळी किंमत एक लाख चाळीस हजारांच्या आसपास होती.

निडर : २२ बोअरचं, अडीचशे ग्रॅमचं छोटं रिव्हॉल्वर. आलं तेव्हा पस्तीस हजारांच्या आसपास होतं. किंमत बघून भुरळ पडते. पण २२ बोअरची ताकद कमी आणि पल्लाही थोडा. पैसे कमी म्हणून हेच घ्यायचं असेल तर आधी डीलरकडं माल आणि त्याची काडतुसं दोन्ही मिळतात का ते विचारावं.

अशनी : हे ३२ बोअरचं सरकारी पिस्तूल. सरावाची सोय असलेल्यांसाठी.

खासगीत वेब्ली अँड स्कॉट या जुन्या ब्रिटिश नावाचं ३२ बोअर रिव्हॉल्वर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं बनतं. काम चांगलं म्हणून त्याचं नाव आहे, पण सरकारी रिव्हॉल्वरपेक्षा महाग.

काडतुसांमध्ये पुण्याजवळच्या खडकी कारखान्याचा "केएफ" छाप सगळीकडं ओळखीचा आहे. जुनी, हिरवट पडलेली काडतुसं कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नयेत.

खर्चाचा खरा हिशेब

वर दिलेल्या किमती त्या त्या वेळच्या आहेत. त्यानंतर एक मोठा बदल झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्वरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. त्यामुळं जुन्या व्हिडिओत सांगितलेल्या भावावर जाऊ नये. डीलरकडून करासहित लेखी भाव घ्यावा.

समजा सगळं धरून दीड लाख लागले. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे साधारण २८ क्विंटल सोयाबीन, आणि तेही हमीभाव मिळाला तर. एकरी सात क्विंटल उतार धरला तर चार एकरांचं सगळं पीक. त्यात खत-बियाणं, फवारणी धरलेलीच नाही.

त्यावर लोखंडी लॉकर, होल्स्टर, काडतुसं, प्रशिक्षण आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या चकरा. लॉकरचे पैसे नसतील तर रिव्हॉल्वरचेही पैसे नाहीत असं समजावं. हाच दीड लाख आखाड्यावर चांगला दरवाजा, सौर दिवे, कॅमेरा यांवर किती पुरतो, रोख ठेवण्याऐवजी बँकेतून व्यवहार केला तर धोका किती उरतो, हे घरात बसून एकदा मांडून बघावं.

सेकंडहँड आणि आजोबाची बंदूक

परवानाधारकाकडून जुनं शस्त्र घेता येतं, पण चहाच्या टपरीवर सौदा करून नाही. विकणाऱ्यानं जिल्हाधिकारी किंवा पोलिस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. शस्त्रावरचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळतो का, नळी आतून गंजली का, हे जाणकाराकडून बघून घ्यावं. नंबर घासलेला दिसला तर हातसुद्धा लावू नये.

कित्येक वाड्यांत आजोबाची बारा बोअर अजून खुंटीला आहे आणि परवानाधारक वारलेला आहे. असं शस्त्र घरात ठेवणं म्हणजे विनापरवाना शस्त्र ठेवणं. ते विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडं जमा करून पावती घ्यावी, मग वारसानं परवान्यासाठी अर्ज करावा. परवानाधारक हयात असतानाही, त्याचं वय ७० झालं असेल किंवा २५ वर्षं शस्त्र त्याच्याकडं असेल, तर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. ज्यांना राखणीपुरतं शस्त्र पुरतं त्यांच्यासाठी हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

वीस-तीस हजारांचा कट्टा म्हणजे जेल

"परवान्याच्या भानगडीत कशाला पडता, आणून देतो" म्हणणारा एखादा तरी भेटतो. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमरटी हे गाव अशा मालासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या नोंदीत कुप्रसिद्ध आहे. नांदेड-लातूरच्या स्थानिक गुन्हे शाखांच्या बातम्यांत "गावठी पिस्तूल व जिवंत काडतुसं जप्त" हे शब्द आता नवे राहिले नाहीत.

विनापरवाना शस्त्र सापडलं तर किमान दोन ते कमाल पाच वर्षं कैद आणि दंड. ते प्रतिबंधित बोअरचं निघालं तर सात ते चौदा वर्षं. बनवणाऱ्या-विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. आणि कट्टा कुठल्या पाइपाचा केला ते बनवणाराच जाणे. समोरच्याला लागण्याआधी तो स्वतःच्याच हातात फुटू शकतो. आणखी एक : तो तुमच्याकडं येण्याआधी कोणत्या खुनात वापरला गेला, ते तुम्हाला माहीत नसतं.

घेतल्यानंतर काय पाळायचं?

शस्त्र घेतल्यावर ते कार्यालयात दाखवून नंबर नोंदवून घ्यावा, पोलिस ठाण्यातही नोंद करावी. त्यानंतरच्या गोष्टी :

- शस्त्र रिकामं करून लॉकरमध्ये, काडतुसं वेगळ्या कुलुपात. उशीखाली, धान्याच्या कोठीत, कपड्यांच्या घडीत नाही. लेकरांना घरातली कोणतीही वस्तू सापडते. आणि घरात कुणी निराश असेल, कर्जानं खचलेलं असेल, तर शस्त्र घरात ठेवूच नये. आपल्या भागात ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही.
- परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभराचा, ते बघावं. उदगीरहून बिदर, देगलूरहून तेलंगणा, धर्माबादहून बासर ही आपली रोजची वाट आहे. पण राज्यापुरता परवाना हद्दीच्या त्या बाजूला चालत नाही. सीमेवर गाव असणाऱ्यानं अर्जातच हा मुद्दा मांडावा.
- लग्नात, मिरवणुकीत, निकालाच्या गुलालात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कमरेला लावून काढलेला स्टेटसवरचा फोटोही महागात पडतो.
- निवडणूक लागली की प्रशासन परवानाधारकांची छाननी करतं. जमा करण्याची नोटीस आली तर मुदतीत जमा करून पावती घ्यावी.
- शस्त्र किंवा काडतूस हरवलं तर त्याच दिवशी पोलिसांना लेखी कळवावं.

आणि गोळी झाडायची कधी? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण त्याला माप आहे. जेवढा धोका तेवढंच बळ. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत मारलेली गोळी स्वसंरक्षण म्हणून टिकवणं अवघड जातं. बांधावरच्या शिवीगाळीला रिव्हॉल्वर काढून दाखवलं तरी परवाना तर जातोच, गुन्हाही लागतो.

शेजारच्या बीड जिल्ह्याचं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. हातात बंदुका घेतलेले फोटो-व्हिडिओ सगळीकडं फिरले आणि एकट्या बीडमध्ये बाराशेहून जास्त परवाने असल्याचं समोर आलं. प्रशासनानं तपासणी लावली आणि शंभराहून जास्त परवाने रद्द केले. ज्यांनी मिरवण्यासाठी लाखो रुपये घातले, त्यांच्या हाती शेवटी जमा केल्याची पावती राहिली.

तेव्हा ज्याच्या जिवाला खरंच धोका आहे, त्यानं पुरावे जोडून अर्ज करावा, प्रशिक्षण घ्यावं, लॉकर बसवावं आणि परवाना हाती आल्यावर साधं सरकारी ३२ बोअर रिव्हॉल्वर घ्यावं. खात्रीचं आणि त्यातल्या त्यात परवडणारं तेच. ज्याला नुसता रुबाब करायचा आहे, त्यानं चार एकरांचं सोयाबीन घरातच राहू द्यावं.